वाचकांचे प्रश्न : नाशिकच्या कर्तबगार स्त्रिया, कवी आणि चित्रकार

प्रश्न : आमच्या महिला मंडळाने यंदा नवरात्रात नाशिक परिसरातील कर्तबगार स्त्रियांवर काव्यवाचन आणि चित्रप्रदर्शन ठेवायचे ठरवले आहे. नावे सुचवा म्हटले की जिजाऊ, सावित्रीबाई आणि अहिल्यादेवी यांच्यापुढे यादी सरकत नाही. आपल्या भागातील स्त्रियांचा गौरव पूर्वी कुणी केलाच नाही का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : केला आहे, आणि त्याचा सर्वांत जुना पुरावा आपल्यापासून फार तर अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्याच्या व्हरांड्यात, मागच्या भिंतीवर, प्राकृत भाषेतील एक दीर्घ लेख कोरलेला आहे. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या १९ व्या वर्षी त्याची आजी गौतमी बलश्री हिने हे लेणे बौद्ध भिक्षूंना दान दिले, असे तो लेख सांगतो. लेख रचणारा जो कोणी होता, त्याच्या अंगी कवित्व होते यात शंका नाही. मात्र त्याने आपली बहुतेक शाई, किंवा छिन्नी म्हणा, बलश्रीचा पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याच्या पराक्रमावर खर्च केली आहे. बलश्रीच्या वाट्याला सत्य, दान, क्षमा, अहिंसा, तप आणि उपवास यांची आवड असलेली राजर्षीची पत्नी एवढे वर्णन आले आहे, जे कोणत्याही राजमातेला सहज लावता येईल. तिची स्वतःची म्हणता येईल अशी गोष्ट एकच, ती म्हणजे डोंगराच्या पोटात कोरून घेतलेले ते लेणे.

तेथून पुढे अठराव्या लेण्यात, म्हणजे चैत्यगृहात, अवश्य जावे. हे चैत्यगृह पूर्णत्वाला नेणाऱ्या भटपालिका नावाच्या स्त्रीचा लेख तेथे आहे. ती कोणाची नात, कोणाची मुलगी, कोणाची पत्नी आणि कोणाची आई हे त्यात ओळीने दिले आहे. तिच्या गुणांविषयी मात्र एक अक्षरही नाही. मला विचाराल तर कवीला बलश्रीपेक्षा भटपालिकाच अधिक उपयोगाची आहे, कारण तिच्या भोवती विशेषणांचे कडे नाही आणि तिने केलेले काम आजही डोळ्यांसमोर उभे आहे.

अहिल्यादेवींना यादीतून वगळू नका. चांदवडचा होळकरांचा रंगमहाल आपल्याच जिल्ह्यात आहे. त्यांच्या हयातीतच मोरोपंतांनी त्यांच्या स्तुतीपर आर्या रचल्या, आणि १८४९ मध्ये जोआना बेली या स्कॉटिश कवयित्रीने त्यांच्यावर इंग्रजीत दीर्घ कविता लिहिली. इतके मोठे कवी होऊन गेल्यावर पुन्हा ‘पुण्यश्लोक’ या शब्दाभोवतीच कविता फिरवण्यात काय हशील आहे? कविता चांदवडचीच लिहावी.

माझी स्वतःची पहिली पसंती मात्र येसूवहिनींना, म्हणजे बाबाराव सावरकरांच्या पत्नी यशोदाबाई यांना आहे. स्वातंत्र्यकवी गोविंद यांच्या कविता छापल्याबद्दल १९०९ मध्ये बाबारावांना जन्मठेप झाली, तेव्हा विनायकरावांनी लंडनहून या वहिनींना उद्देशून ‘सांत्वन’ ही कविता लिहिली. मराठीतील ही मोठी कविता खरी, तथापि तिचा भर साऱ्या घराण्याच्या समर्पणावर आहे. नाशिकमध्ये ‘आत्मनिष्ठ युवती संघ’ स्थापन करून स्त्रियांना एकत्र आणणाऱ्या येसूवहिनींवरची कविता त्यामुळे अजून लिहायची राहिलेली आहे, असे मी मानतो. बाबाराव अंदमानात असतानाच १९१९ मध्ये त्या वारल्या. आपल्या मंडळातील कोणी ती कविता लिहिली, तर तिची सुरुवात सांत्वनाने न करता संघाच्या बैठकीने करावी.

प्रश्न : मी चित्रकलेचा विद्यार्थी आहे. जिचे चित्र काढायचे तिचा चेहराच उपलब्ध नसेल, किंवा असलेल्या छायाचित्रावरून काहीच बोध होत नसेल, तर काय करावे?
– एक विद्यार्थी, नाशिक रोड

उत्तर : हात काढावेत. सरस्वतीबाई फाळके यांचेच उदाहरण घ्या. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ केला, त्या काळी कच्च्या फिल्मला कडेची छिद्रे पाडलेली नसत. ती छिद्रे अंधारात, यंत्रात फिल्म सरकवत पाडावी लागत, आणि उजेडाची एक तिरीप आत आली तरी फिल्म वाया जाई. हे काम आणि फिल्म धुण्याचे काम सरस्वतीबाई शिकल्या. शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याचकडे होता. काळोखी खोली, फिल्मची कड चाचपणारी बोटे आणि दाराखालची फट बुजवलेला कपडा एवढ्यावर चित्र उभे राहते. (कपडा माझ्या मनचा आहे, तेवढी मोकळीक चित्रकाराला असावी.) नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि मस्तकामागे उगवता सूर्य या ठरावीक साच्यात बसवलेली बाई सरस्वतीबाईही असू शकते आणि दुसरी कोणीही असू शकते.

प्रश्न : हयात असलेल्या व्यक्तीवर कविता करणे योग्य आहे का? मला धावपटू कविता राऊत यांच्यावर लिहायचे आहे.
– एक शिक्षिका, हरसूल

उत्तर : अवश्य लिहावे. सार्वजनिक कामगिरीवर लिहायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. घरगुती बाबींना हात घालणार असाल तर मात्र आधी त्यांना विचारावे आणि कविता वाचून दाखवावी. ‘सावरपाडा एक्सप्रेस’ हे त्यांचे बिरूद वर्तमानपत्रांनी इतके वापरले आहे की ते शीर्षकात घेऊ नये. २०१० मध्ये त्यांनी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच अंतरासाठी रौप्यपदक मिळवले. मैदानावर ही शर्यत ४०० मीटरच्या २५ फेऱ्यांची असते. आपण २५ कडव्यांची रचना करून पाहावी, आणि विद्यार्थ्यांकडून एकेक कडवे म्हणवून घ्यावे. सतराव्या-अठराव्या कडव्यापाशी दमछाक व्हायला लागली, तर ती झाकू नये.