बे सिटी रोलर्स इतक्या लवकर का संपले?

तुमचा प्रश्न असा, की 1975 साली ब्रिटनमधल्या शाळकरी मुली ज्यांच्यासाठी वेड्या झाल्या होत्या, ते बे सिटी रोलर्स हे स्कॉटिश पॉप बँडवाले तीन-चार वर्षांत दिसेनासे कसे झाले? गाणीच टुकार होती का?

गाणी टुकार नव्हती हो. मी त्यांच्याकडे उलट्या वाटेनं पोचलो. रेमोन्स या अमेरिकन पंक (वेगवान, खरखरीत रॉक) बँडची 'हे हो, लेट्स गो' ही आरोळी रोलर्सच्या 'सॅटर्डे नाइट'वरून सुचली, असं त्या पंकवाल्यांनीच सांगून ठेवलंय. म्हणून ऐकायला घेतलं, तर ती सुटी सुटी अक्षरं ओरडत होणारी सुरुवात दिवसभर डोक्यातून जाईना. याच गाण्याची 1973 ची पहिली आवृत्ती साफ पडली होती. नवा गायक लेस मॅककीऑन याच्या आवाजात ते पुन्हा केलं आणि जानेवारी 1976 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं.

मधल्या काळात बदललं होतं ते रूप. एडिनबर्गच्या लाँगम्युअर भावांचा हा बँड. नावसुद्धा अमेरिकेच्या नकाशावर डार्ट फेकून निवडलेलं, असं सांगतात. (पहिला डार्ट आर्कान्सावर लागला, तो आवडला नाही!) पुढे आखूड विजारी, त्यांना टार्टन चौकड्यांच्या पट्ट्या आणि मनगटाला मफलर. हा पोशाख मुलींना घरच्या घरी शिवता यायचा, ही त्यातली खरी गंमत. पोरं दूध पितात, कुणाला मैत्रीण नाही, अशी प्रतिमा मॅनेजर टॅम पेटननं पसरवली. 'बाय बाय बेबी' 1975 मध्ये ब्रिटनमध्ये सलग सहा आठवडे पहिलं होतं. त्याच वर्षी मॅलरी पार्कच्या कार्यक्रमात बँड तळ्यातल्या बेटावर, तर मुलींनी कपड्यांनिशी पाण्यात उड्या टाकल्या. त्यांना बाहेर काढायला पाणबुडे लागले.

मला विचाराल तर घात केला वयानं. 1976 मध्ये अ‍ॅलन लाँगम्युअर बाहेर पडला तो मुख्यतः या धंद्याच्या हिशोबानं 'म्हातारा' झाला म्हणून. वय वर्षं 27! त्याच्या जागी आला 17 वर्षांचा इयन मिचेल, आणि तोही काही महिन्यांतच गेला. बँडला असं कोवळं ठेवता येईल, पण चाहत्यांचं काय? 1975 ची तेरा वर्षांची पोरगी 1978 मध्ये सोळाची झालेली, तिच्या कानावर आता पंक. टार्टनचा मफलर तिला लाजिरवाणाच वाटणार. त्या वर्षी मॅककीऑन गेला, पुढच्या वर्षी पेटनलाही काढलं. 1982 मध्ये तो अल्पवयीन मुलांशी केलेल्या अश्लील वर्तनाबद्दल तुरुंगात गेला, तेव्हा त्या दूध पिणाऱ्या पोरांच्या बातम्या आठवून अंगावर काटा येतो.

पैशांची कथा तर वेगळीच. रेकॉर्ड्‌स प्रचंड खपल्या, पण रॉयल्टीसाठी 2007 मध्ये अरिस्टा या रेकॉर्ड कंपनीवर दावा लावावा लागला. तडजोड व्हायला 2016 उजाडलं. अ‍ॅलन बँडच्या आधी प्लंबिंग शिकत होता. प्रसिद्धी ओसरल्यावर तो पुन्हा त्याच क्षेत्रात नोकरीला लागला.