डीएनए जेलमधले खालचे पट्टे का दिसत नाहीत?

प्रश्न ऐरोलीतल्या कॉलेज लॅबचा आहे: लॅडरचे (तुलनेसाठी घेतलेल्या, माहीत लांबीच्या डीएनए तुकड्यांचे) वरचे पट्टे लख्ख, पण पीसीआरने (डीएनएच्या प्रती काढायच्या पद्धतीने) मिळवलेल्या १०० बेसपेअर (डीएनएच्या लांबीचं एकक) तुकड्याचा पट्टा गायब. इथिडियम ब्रोमाइड, म्हणजे डीएनएला चिकटून यूव्हीखाली चमकणारा रंग, जेल ओततानाच घातलं होतं.

डीएनए बहुधा जेलमध्येच आहे, रंग निघून गेलाय. इथिडियम धनभारित असतं, म्हणून वीज चालू असताना ते डीएनएच्या उलट दिशेला, ऋण टोकाकडे सरकतं, आणि लहान तुकडे पोचतात तो खालचा भाग रंगाविना उरतो. यूव्हीखाली नीट पाहा: विहिरींकडच्या (नमुने भरायच्या खाचांकडच्या) भागावर नारिंगी झाक आणि खालचा भाग काळाभोर दिसला तर हेच कारण. शिवाय लहान तुकड्यात रंग धरायला जागाही कमीच.

जेल फेकू नका. ते बुडेल एवढ्या पाण्यात ०.५ मायक्रोग्रॅम प्रति मिली इथिडियम घ्या, म्हणजे १०० मिलीला १० मिग्रॅ/मिलीच्या साठ्यातून ५ मायक्रोलिटर. ३० मिनिटं हळू हलवा, मग साध्या पाण्यात २० मिनिटं. जास्त वेळ ठेवू नका, लहान तुकडे जेलमधून पाझरून जातात. पुढच्या वेळी जेल रंगाविना चालवून नंतरच रंगवा.

मेथिलीन ब्लू हा दुसरा रंग स्वस्त आणि बिनधोक, पण पट्ट्यात निदान ४० नॅनोग्रॅम डीएनए लागतो. इथिडियमला ५ सुद्धा पुरतो. पट्टा कापून क्लोनिंग (तो तुकडा जिवाणूंत घालून वाढवणं) करायचं असेल तर सायबर सेफ हा रंग आणि निळा प्रकाश घ्या, यूव्हीने डीएनए खराब होतो.

नायट्राइलचे हातमोजे घालाच. उरलेल्या द्रावणात ब्लीच ओतू नका, त्यातून म्युटेशन (डीएनएत बदल) घडवणारी संयुगं तयार होतात. वेगळ्या बाटलीत साठवून घातक कचऱ्यात द्या.