गॅरेजपर्यंतची केबल आणि डिसेंबरचा हप्ता

पुण्याच्या सहकारनगरमध्ये स्वतःचा बंगला असलेल्या 61 वर्षांच्या एका वाचकांचे पत्र आले आहे. भोसरीच्या कारखान्यातून ते 2024 मध्ये निवृत्त झाले. बंगल्यामागे, मुख्य इमारतीपासून सुमारे 25 मीटरवर, त्यांचे जुने गॅरेज आहे आणि तेथे त्यांना लाकूडकामाची कार्यशाळा थाटायची आहे. मीटरपासून गॅरेजपर्यंत जमिनीखालून केबल टाकण्यासाठी ठेकेदाराने 1,65,000 रुपयांचे कोटेशन दिले आहे. ‘मुदत ठेव मोडावी, पर्सनल लोन घ्यावे, की पत्नी म्हणते तसे कुंपणाच्या भिंतीवरून तार ओढून 30,000 रुपयांत भागवावे? सहा महिन्यांत ऑर्डरी सुरू झाल्या की महिना 20,000 रुपये सुटतील,’ असे ते लिहितात. शेवटी एक ओळ आहे: ‘बाकी चिंता नाही. मिळालेल्या 44 लाखांपैकी 36 लाख ठेवींत आहेत आणि बँकेतल्या साहेबांनी सुचवलेली, एफडीसारखीच पण हमीची, वर्षाला 4 लाखांची योजना डिसेंबर 2024 मध्ये घेतली. दोन हप्ते भरले, तिसरा येत्या डिसेंबरात आहे.’

प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. लोन घेऊ नका. 1,65,000 रुपये 13 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले, तर महिना साडेपाच हजारांचा हप्ता आणि एकूण 35,000 रुपये व्याज पडेल; उलट दोन लाखांची ठेव मुदतीआधी मोडली, तर साधारण एक टक्का व्याज, म्हणजे वर्षाचे 2,000 रुपये बुडतील. परंतु आपल्या पत्रातील खरी काळजीची गोष्ट केबल नसून ती शेवटची ओळ आहे, आणि आपणांस तिची चिंता वाटत नाही हे वाचून मला अधिक चिंता वाटली.

ही योजना एफडी नाही, ती विमा पॉलिसी आहे. सोबत पाठवलेल्या कागदांप्रमाणे आपण 10 वर्षे दरवर्षी 4 लाख भरायचे आणि 12 वर्षे पूर्ण झाल्यावर 60 लाख मिळायचे. 40 चे 60 ऐकायला छान वाटते. मात्र प्रत्येक हप्ता सरासरी साडेसात वर्षे अडकून राहतो, हे धरले की परतावा साडेपाच टक्क्यांच्याही आत येतो. निवृत्त माणसाच्या गळ्यात 10 वर्षे हप्ते भरायची योजना ‘एफडीसारखी’ म्हणून मारणे ही शुद्ध फसवणूक आहे, आणि ती बँकेच्या टेबलावर झाली म्हणून सौम्य होत नाही.

तरीही परतावा कमी असणे हा लहान दोष आहे. मोठा दोष असा की आपण ही पॉलिसी पूर्ण करूच शकणार नाही. आपला घरखर्च महिना 45,000 रुपये, म्हणजे वर्षाला 5 लाख 40 हजार आहे. वरच्या मजल्याचे भाडे 18,000 आणि ईपीएसचे, म्हणजे कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे, निवृत्तिवेतन 3,400 रुपये, मिळून वर्षाला अडीच लाखांच्या वर येतात. उरलेले 2 लाख 80 हजार ठेवींतून काढावे लागतात. 36 लाखांवर सात टक्के धरले तर व्याज अडीच लाख होते, म्हणजे थोडी तूट आजच आहे. त्यावर दरवर्षी 4 लाखांचा हप्ता. महागाई सहा टक्के धरून आणि भाडे आहे तेवढेच ठेवून मी वर्षे मोजत गेलो: 36 चे पुढच्या वर्षी 32, मग 27, 21, 15, साडेसात, आणि आठवा हप्ता भरून ते वर्ष सरते तेव्हा ठेवी संपलेल्या असतात. नववा हप्ता कोठून भरणार? भाडे वाढले तर हा दिवस वर्षभर पुढे जाईल, भाडेकरू सोडून गेला तर अलीकडे येईल.

साहेब म्हणतील, ‘आता सोडलीत तर भरलेले 8 लाख जातील.’ ते काही अंशी खरे आहे, आणि म्हणूनच नीट मोजले पाहिजे. आपली पॉलिसी ऑक्टोबर 2024 नंतरची असल्याने तिला विशेष सरेंडर मूल्याचे, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यास परत मिळणाऱ्या रकमेचे, नवे नियम लागू आहेत. हमीचे सरेंडर मूल्य दोन हप्त्यांनंतर भरलेल्या रकमेच्या 30 टक्के, म्हणजे 2 लाख 40 हजार असते. विशेष मूल्य पेड-अप रकमेच्या, म्हणजे पुढचे हप्ते न भरताही मुदतीअखेर मिळेल त्या रकमेच्या, आजच्या किमतीवरून काढतात आणि दोहोंपैकी जास्त असेल ते मिळते. दहापैकी दोन हप्त्यांच्या प्रमाणात पेड-अप रक्कम 12 लाख धरली आणि ती 10 वर्षांनी मिळणार असे मानले, तर आजची किंमत साधारण निम्मी, पाच-सहा लाख होईल. नेमका आकडा कंपनीकडून लेखी मागवा. पॉलिसी पुढे चालू ठेवली तर आणखी 32 लाख भरून 48 लाख जास्त मिळतील, त्याचा दर सव्वासहा टक्के पडतो. तो काही भयंकर नाही. मात्र आपल्यापाशी ते 32 लाख नाहीत.

आपल्या पश्चात पत्नीला मिळणारे विम्याचे संरक्षण या पॉलिसीत आहे, हे मान्य. आपली प्रकृती गंभीर असेल तर मला पुन्हा लिहा, उत्तर बदलू शकेल. एरवी मी तिसरा हप्ता भरणार नाही. पाच लाख परत आले असे धरून 41 लाख होतात. त्यांतले 30 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. तिचा दर एप्रिल 2023 पासून 8.2 टक्क्यांवर आहे, म्हणजे दर तिमाहीला 61,500 रुपये हातात येतील. उरलेल्या 11 लाखांचे पाऊण लाख मिळून व्याज 3 लाख 20 हजारांपर्यंत जाते आणि आजची तूट भरून निघते. ठेवी एकाच बँकेत ठेवू नका, कारण ठेव विम्याची मर्यादा प्रत्येक बँकेत 5 लाखांचीच आहे.

कंपनीचे वैद्यकीय संरक्षण निवृत्तीबरोबर संपले आणि त्यानंतर आपण काहीच घेतलेले नाही, हेही वाचले. आरोग्य विमा याच महिन्यात घ्या, कारण आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ तीन वर्षांपर्यंत असू शकतो आणि तो आजपासूनच मोजायला सुरुवात व्हायला हवी.

आता केबल. पत्नींचा हात राखून खर्च करण्याचा स्वभाव मला आवडला, परंतु येथे त्यांचे ऐकू नका. दोन अश्वशक्तीची करवत, धूळ ओढणारे यंत्र आणि पुण्याचा पाऊस यांना भिंतीवरची उघडी तार झेपणार नाही. भारतीय मानक 1255 प्रमाणे लो-टेन्शन, म्हणजे कमी दाबाची, केबल किमान 75 सेंटिमीटर खोल, वाळूच्या थरात, वर विटा किंवा फरशी ठेवून पुरायची असते. आर्मर्ड (धातूच्या कवचाची) केबल, गॅरेजमध्ये स्वतंत्र अर्थिंग आणि 30 मिलीॲम्पिअरची आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) यांत काटकसर करू नका. काटकसर इतरत्र होते: 10 चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियम केबल 6 चौरस मिलिमीटरच्या तांब्याएवढेच काम देते आणि एवढ्या अंतरात सिंगल फेजवर एकावेळी साडेतीन किलोवॉट चालवले तरी व्होल्टेज फारसे पडत नाही. कोटेशनमध्ये थ्री फेज आणि मंजूर वीजभार वाढवण्याचा खर्च धरलेला दिसतो. परवानाधारक ठेकेदाराकडून खोदाई, केबल, बोर्ड आणि भारवाढ यांचे आकडे वेगळे मागा आणि शेवटचा खर्च आज खरोखर लागतो का ते विचारा. चर एकदाच खोदायचा असल्याने त्यात मोठा पाइप टाकून ठेवा, म्हणजे पुढे जाड केबल लागली तरी फरशी पुन्हा उखडावी लागणार नाही.

महिना 20,000 रुपयांचा अंदाज हिशेबातून काढून टाका. अद्याप एकही ऑर्डर हातात नाही, यंत्रांची किंमतही पत्रात नाही. शिवाय विक्रीसाठी नियमित काम सुरू केलेत, तर घरगुती वीजदरच लागेल असे गृहीत न धरता आधी महावितरणकडे विचारा, कारण वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली अनधिकृत वापराची आकारणी दुप्पट दराने होते. छंद म्हणून दीड लाख खर्च करायला माझी हरकत नाही. 38 वर्षे यंत्रांवर काम केलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने टेबल बनवावे, यासाठी हे पैसे योग्य आहेत. फक्त डिसेंबरचे 4 लाख थांबल्यानंतरच ते काढा.

आधी विमा कंपनीला लेखी तक्रार द्या, साहेबांचे ‘एफडीसारखी’ म्हणणारे व्हॉट्सॲप संदेश जोडा. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर पुण्यातच विमा लोकपालांचे कार्यालय आहे; तेथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. आणि हप्ता खात्यातून आपोआप वळता होण्यासाठी आपण सही केलेला आदेश नोव्हेंबर संपण्याआधी बँकेत लेखी रद्द करून पोच घ्या, नाहीतर हे सर्व वाचून होईपर्यंत तिसरे 4 लाख गेलेले असतील.