'पारंपरिक' लिहिण्याआधी

सांगली

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

हळदीवरचा तुझा मजकूर वाचला. आधी शुद्धलेखन उरकून टाकू. 'पारंपारिक' नव्हे, 'पारंपरिक'. 'परंपरा'ला 'इक' लागला की पहिल्याच अक्षराचा स्वर बदलतो, मधला 'प' जसाच्या तसा राहतो. 'व्यवहार'चं 'व्यावहारिक' होतं, तसंच. दुकानांच्या पाट्या बघून लिहू नकोस.

'पारंपरिक पद्धतीने शिजवलेली हळद' यातून वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, पाण्यात उकळली की बॉयलरच्या वाफेवर? काहिलीत असेल तर तसंच लिही: फेस येऊन हळदीचा वास सुटेपर्यंत, पाऊण ते एक तास, मग १० ते १५ दिवस उन्हात वाळवणी. एवढं आलं की विशेषण आपोआप गळतं. हरिपूरच्या पेवांना मात्र खुशाल पारंपरिक म्हण. जमिनीखाली हळद साठवायची ती रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती.

खरी गल्लत पुढेच होते. पूर्वापार चालत आलेलं आणि सध्या सर्रास चालणारं, दोन्हींना आपण हाच शब्द लावतो. ऊर्जेच्या बातमीत कोळसा 'पारंपरिक' आणि चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या 'अपारंपरिक'. (वाऱ्यावर गलबतं कधीपासून चालतात, हे तिथे विचारायचं नाही!) ती परिभाषा रूढ झाली आहे, तिला हात लावू नकोस. शेतीत जपून. सेंद्रिय शेतीवरच्या लेखांत 'पारंपरिक शेती' म्हणजे युरिया आणि फवारण्यांची शेती, असं कित्येकदा गृहीत धरलेलं असतं. वाळव्याच्या शेतकऱ्याला त्याच शब्दांतून बैल आणि शेणखत दिसतं. अर्थ थेट उलटा. तिथे सरळ 'रासायनिक शेती' लिही. ठिबकशी तुलना असेल तर 'पारंपरिक सिंचन' नको, 'पाटपाणी' म्हण.

आज चालू आहे एवढंच सांगायचं असेल तर 'प्रचलित': प्रचलित दर कालपासूनचाही असू शकतो. लोकांच्या वापराने पक्का झालेला तो 'रूढ'. 'सांकेतिक' शक्यतो टाळ; संकेताने ठरलेलं हा त्याचा अर्थ खरा, पण आजचा वाचक त्यातून गुप्त खूण नाहीतर कोड समजतो. 'चाकोरीबद्ध'मध्ये नापसंती आहे. नाटकाच्या परीक्षणात शोभेल, बातमीत नाही.

मजकुरात जिथे जिथे 'पारंपरिक' हा शब्द उरेल, तिथे समासात 'कशाच्या तुलनेत?' एवढं लिहून बघ. उत्तर सुचलं तर तेच वाक्यात घाल, नाही सुचलं तर शब्द काढून टाक. मिरजेच्या तंबोऱ्यावर लिहायला घेशील तेव्हा लाकूड कुठलं, भोपळा किती वाळवलेला, हे कारागिरांना विचारूनच ये.