'आनंद करा' म्हणजे नेमकं काय करा?

बडोद्यातल्या फतेगंजाकडच्या एका ताईंचा प्रश्न असा: "बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातलं 'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा' हे वचन मोठ्या अक्षरांत लिहून यजमानांच्या खाटेसमोर लावायचं आहे. तीन महिने ते अंथरुणावर आहेत. पण दीर म्हणतात, हे मराठीच नव्हे. आनंद होतो, तो करत नाहीत. मग 'आनंदी राहा' लिहू की 'हर्ष करा'?"

दिरांचं अर्धं बरोबर आहे. मराठीत आनंद होतो, राग येतो, कंटाळाही येतो. आपण नुसते ओसरीवर बसलेले, पाहुणा येईल तेव्हा येईल. पण मग 'काळजी करू नका' कसं चालतं? 'किती शोक कराल?' 'एवढं दुःख करू नये.' काळजी, शोक, दुःख, त्रागा, हे सगळं मराठी माणूस स्वतः करतो, चांगलं मन लावून करतो. आनंदाची पाळी आली की मात्र तो आपोआप व्हायला हवा! ज्ञानेश्वरांनी 'अवघाचि संसार सुखाचा करीन' म्हटलं तेव्हा त्यांना कुणी अडवलं नाही. करीन म्हणाले, होईल म्हणाले नाहीत.

'आनंदी राहा' केकवर ठीक आहे, तिथेच राहू द्या. त्याहून वाईट म्हणजे 'आनंद घ्या'. परवा रावपुऱ्यात शेवेच्या पाकिटावर वाचलं, 'कुरकुरीतपणाचा आनंद घ्या'. घरी आलो तर एका निरोपसमारंभाच्या पत्रिकेत 'निवृत्तीचा आनंद घ्या'. घ्या म्हणजे कुठून, काउंटरवरून? सरळ 'चवीनं खा' म्हणा, 'सुखानं राहा' म्हणा. हे 'एन्जॉय'चं ओझं मराठीच्या पाठीवर कुणी लादलं देव जाणे.

आता मूळ ग्रीक. तिथे शब्द आहे 'खैरेते'. आज्ञार्थी क्रियापद, आणि तेही साधं, 'बसा', 'जेवा' यांच्यासारखं. त्याचं नाम 'खारा', म्हणजे आनंद (मराठी कानाला खारट लागेल, इलाज नाही), आणि त्याच घरातलं 'खारिस' म्हणजे कृपा. गंमत पुढेच आहे. 'खैरे' हा ग्रीकांचा रोजचा रामराम होता. रस्त्यात भेटले की 'आनंद कर' म्हणायचे. बायबलमधलंच दुसरं एक पत्र लिहिणाऱ्या याकोबानं याचा काय सुरेख उपयोग केलाय पाहा. पत्राच्या पहिल्या वचनाचा शेवटचा शब्द 'खैरेइन', म्हणजे सलाम. आणि दुसऱ्या वचनाच्या आरंभीच 'खारान': नाना परीक्षा आल्या तर सगळा आनंदच माना. सलामातलाच आनंद उचलून त्यानं संकटासमोर ठेवला. मराठीत 'सलाम' आणि 'आनंद' यांचा नाद जुळत नाही, म्हणून ही कोटी भाषांतरात मरते. आणि याच शब्दाची कुचेष्टाही झाली आहे. काट्यांचा मुकुट घातलेल्या येशूपुढे गुडघे टेकून शिपाई म्हणाले ते 'खैरे'च. आपण नळाला पाणी नसलं की 'आनंद आहे!' म्हणतो, ती जात.

बडोदेकराला हे समजायला ग्रीसला जावं लागत नाही. 'केम छो?' 'मजामां!' अंगात 102 ताप असला तरी मजामां. हे 'मां' म्हणजे आपलं 'मध्ये'. मराठी घरांतही 'मजेत' म्हणतात, 'आनंदात' म्हणतात. सप्तमीच आहे सगळी. मजा मिळाली, घेतली असं कुणी सांगत नाही, मजेच्या आत आहे असं सांगतात. आता 'प्रभूमध्ये' वाचा. पत्र लिहिणारा पौल 'प्रभूमुळे' म्हणत नाही, 'प्रभूचा' म्हणत नाही, ग्रीकातही 'एन', म्हणजे आतच. हा 'मध्ये' बायबली मराठीचा अवघडलेपणा आहे असं म्हणणाऱ्यांनी एकदा मांडवीपर्यंत चालत जावं आणि वाटेत चार जणांना 'केम छो' विचारावं.

काही अभ्यासकांचं म्हणणं, पत्र संपत आलंय, तेव्हा हे 'खैरेते' म्हणजे नुसता निरोप, 'बरं, येतो'. शब्दाला तो अर्थ आहे, नाही कोण म्हणतो? पण पुढचा 'सर्वदा' आणि त्यानंतरचं 'पुन्हा म्हणेन, आनंद करा' कुठे घालणार? 'सर्वदा येतो हं! पुन्हा सांगतो, येतो!' असा निरोप दारात चप्पल घालून तासभर उभे राहणारे आमचे काकाच देऊ शकतात. शिवाय आनंदाचे हे शब्द त्या चार अध्यायांत सोळा वेळा आले आहेत, आणि लिहिणारा कैदेत आहे. फिलिप्पै गावात तर त्याला नि त्याचा सोबती सीला याला फटके मारून, पाय खोड्यात अडकवून कोंडलं होतं, तेव्हा मध्यरात्री दोघं गाणी गात होते. त्याला आनंद 'झाला' असं कोणत्या तोंडानं म्हणावं? त्यांनी तो केला. ज्या मंडळीला पत्र गेलं तिला ही रात्र ठाऊक असणार. तुरुंगाच्या अधिकाऱ्याचा बाप्तिस्मा त्याच रात्री झाला होता.

आणि 'हर्ष'. यासाठी मी कधीचा थांबलोय. एका भाषणात ऐकलं, खारा म्हणजेच आपला हर्ष, ख-ह एकच. साफ चूक! हर्ष हा 'हृष्' धातूचा, मूळ अर्थ केस ताठ उभे राहणे. लॅटिनमधला त्याचा भाऊ 'होर्रेरे', शहारणे. त्यातूनच 'हॉरर' आला. भुताच्या सिनेमाचं आणि लग्नपत्रिकेतल्या 'हर्षा'चं कूळ एकच! पटत नसेल तर गीतेचा पहिला अध्याय काढा. 'रोमहर्षश्च जायते' असं अर्जुन म्हणतो, ते काही खुशीत येऊन नव्हे. आपल्या अंगावर काटाही कीर्तनात येतो आणि स्मशानाजवळही येतो. खाराचा संस्कृत चुलतभाऊ वेगळाच आहे, ऋग्वेदातला 'हर्यति', म्हणजे आवडणं, ओढ असणं. आता हे माझं खूळ समजा, पण तीन महिने कुणाचे केस उभे राहत नाहीत. ओढ मात्र तीन महिने राहते, तीस वर्षंही राहते. म्हणून 'हर्ष करा' नको. आणि जाता जाता, या आनंदाला 'टिकाऊ' म्हणू नका, चपलेचा तळ वाटतो.

हां, तुमचा कागद. आहे तसंच लिहा, 'आनंद करा'. फक्त 'मध्ये'तला ध्य नीट काढा, 'मधे' नको. आणि अक्षरं उशीवरून दिसतील एवढी मोठी ठेवा. दिरांना माझा 'खैरे' सांगा.