पेन्शन थांबली, नाव जुळेना

प्रश्न : यजमान मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. मार्चमध्ये ते गेले. डिस्चार्ज बुकात (फौज सोडताना मिळालेल्या नोंदवहीत) माझं नाव सुमन आहे, आधारवर सुमनबाई. फॅमिली पेन्शन अडलीय. (कोरेगाव)

ताई, अशी प्रकरणं माझ्याकडे सतत येतात. लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे पलटणीच्या दप्तरातली नोंद, निघते तेव्हा युनिटातला कारकून कानाला ऐकू येईल तसं नाव लिहितो आणि वीस-तीस वर्षं तिकडे कुणी बघत नाही. दोन्ही नावांची बाई एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करा. मृत्यूचा दाखला, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आधार आणि पासबुक घेऊन साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथून प्रकरण बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला जाईल. नाव दुरुस्त झाल्याशिवाय प्रयागराजच्या संरक्षण पेन्शन कार्यालयातून पेन्शन सुटत नाही. बँकेत खेटे घालू नका, ‘स्पर्श’ ही संरक्षण खात्याची ऑनलाइन पेन्शन व्यवस्था आल्यापासून बँकेच्या हातात फारसं उरलेलं नाही. यजमानांच्या खात्यात त्यांच्या पश्चात पेन्शन जमा झाली असेल तर ती काढू नका, पुढे वसूल होते. आणि मूळ डिस्चार्ज बुक एजंटाच्या हाती अजिबात देऊ नका.

ज्यांचे यजमान हयात आहेत, त्या बायकांनी आज संध्याकाळीच ते बुक उघडून आपलं नाव वाचावं.

प्रश्न : वडील नऊ वर्षांत फौज सोडून आले. पेन्शन नाही. वय ७१. काही मिळेल का? (जत)

शिपायाला पेन्शनसाठी साधारण १५ वर्षं भरावी लागतात. पण पेन्शन नाही म्हणजे आपण माजी सैनिकच नाही, असं पुष्कळ जण उगाच धरून बसतात. ६५ वर्षांपुढच्या, हवालदार हुद्द्यापर्यंतच्या बिनपेन्शनी गरजू सैनिकांना केंद्रीय सैनिक बोर्डाचं दरमहा अनुदान असतं. अर्ज जिल्हा कार्यालयामार्फत जातो. आधी फौज सोडण्याचं कारण काय नोंदलंय ते पाहा, सगळं त्यावर ठरतं.

प्रश्न : माजी सैनिकाची घरपट्टी माफ होते का? (चिपळूण)

राज्याच्या २०२० च्या निर्णयानुसार होते, एका राहत्या घराची. आपोआप मात्र नाही, अर्ज करावा लागतो.

प्रश्न : बाबा काश्मीरहून आले ते गप्पच. रात्री झोप नाही, फटाका वाजला की दचकतात, पिणं वाढलंय. डॉक्टर म्हटलं की भडकतात. (नगर)

भडकणारच. ‘मला वेडा ठरवता?’ हे त्यामागचं वाक्य. डॉक्टरांचं नाव न काढता झोपेपासून सुरुवात करा. फौजी माणूस झोप उडाल्याचं कबूल करतो, मन बिघडल्याचं नाही. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. सैन्यदलांसाठी २०२३ पासून पुण्याच्या एएफएमसीत (सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात) त्याचा वेगळा कक्षही आहे. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञाकडे चिठ्ठी मिळते. पहिला फोन बाबांनीच करायला हवा असं नाही. तुम्ही करा, आईला शेजारी बसवून. रात्री घरात काय घडतं ते तिलाच जास्त माहीत असेल.