सोकचोला जायचंय, पण सासूबाईंचे गुडघे आणि शाकाहार सांभाळून

प्रश्न : नमस्कार. आम्ही जुळे सोलापूरचे. कोरियन सिरियली बघून बघून मुलीच्या डोक्यात सोकचो बसलंय, समुद्र आणि डोंगर एकाच गावात आहेत म्हणते. दिवाळीच्या आधी आठेक दिवस जमवतोय. बरोबर सासूबाई आहेत, वय 66, गुडघे दुखतात, आणि घरात अंडंसुद्धा चालत नाही. ट्रॅव्हलवाले म्हणतात, सोलवरून एका दिवसात सोकचो दाखवून परत आणतो. तसं करावं का? आणि सासूबाई तिथं खाणार काय?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, एका दिवसात अजिबात करू नका. सोलवरून सोकचोला रेल्वे नाही, एक्सप्रेस बसनं साधारण अडीच तास लागतात, म्हणजे जाऊन-येऊन पाच तास बसमध्येच, आणि त्यात तुमच्या नशिबी त्या दिवशी पाऊस किंवा धुकं आलं तर डोंगर दिसणारच नाही. तीन रात्री तिथंच मुक्काम करा. सकाळी उठून खिडकीतून बघायचं, आभाळ मोकळं असेल तर सोराक्सान डोंगर, नसेल तर बाजार आणि बंदर. ठरलेला प्रोग्राम घेऊन त्या डोंगराकडं जाण्यात अर्थ नाही ओ.

वेळ मात्र तुम्ही छान निवडलीय. सोराक्सानची पानं आधी शिखरावर लाल व्हायला लागतात, मग तो रंग हळूहळू खाली उतरतो आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पायथ्याच्या दरीत पोचतो. तेव्हा अख्खं कोरिया तिथं लोटतं, म्हणून शनिवार-रविवार टाळा, 3 आणि 9 ऑक्टोबरला त्यांच्या सरकारी सुट्ट्या असतात तेही टाळा, आणि चुसॉक हा त्यांचा मोठा सण चांद्र तिथीनं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो, त्या दिवसांत बसची तिकिटं मिळणं अवघड, तेवढी तारीख बघून घ्या. सकाळी डोंगरात चांगली थंडी असते, आपल्याकडच्या ऑक्टोबरचा उकाडा डोक्यात ठेवून कपडे भरू नका.

सोराक्सान 1970 पासून राष्ट्रीय उद्यान आहे, सगळ्यात उंच शिखर देचोंगबोंग 1,708 मीटर. ते सोडून द्या. सोकचोतून 7 आणि 7-1 नंबरच्या सिटी बस थेट उद्यानाच्या गेटपाशी सोडतात. आत गेल्यावर सिनहुन्सा मंदिराकडचा रस्ता सोपा आहे, वाटेत ब्राँझचा बसलेला भला मोठा बुद्ध आहे, तिथपर्यंत सासूबाई आरामात चालतील. गेटजवळूनच ग्वोन्गुमसॉन्ग या डोंगरमाथ्यावरच्या जुन्या किल्ल्याच्या जागेकडं केबल कार जाते. वरच्या स्टेशनवरूनही दरी आणि समुद्र दिसतो, तिथून पुढं खडकावर चढायचं की नाही हे गुडघ्यांना विचारून ठरवा. जोराचा वारा असला की केबल कार बंद ठेवतात, म्हणूनही हाताशी जास्तीचा दिवस पाहिजे. मुलीला उल्सानबावी करू द्या, सरळसोट उभा खडक आहे, शेवटी आठशेच्या वर पायऱ्या, जाऊन-येऊन तीन-चार तास धरा, तोवर तुम्ही दोघी मंदिराच्या आवारात बसा.

आता माझ्या मनातलं सांगते. सोकचोत डोंगरापेक्षाही मला आबाई गाव महत्त्वाचं वाटतं आणि एका दिवसाच्या टूरमध्ये तिथं फक्त फोटो काढून परत फिरवतात. 1945 ला कोरियाची फाळणी झाली तेव्हा 38 अक्षांशाच्या रेषेवर वाटणी झाली आणि सोकचो उत्तरेकडं गेलं, युद्धानंतर, म्हणजे 1953 ला, दक्षिणेत आलं. त्या युद्धात उत्तरेच्या हामग्योंग प्रांतातली माणसं दक्षिणेच्या फौजेबरोबर खाली आली, थोड्याच दिवसांत घरी जाऊ म्हणून सरहद्दीजवळच्या एका वाळूच्या पट्ट्यावर झोपड्या टाकून राहिली, तेच हे आबाई गाव, आणि रस्ता जो बंद झाला तो झालाच. घरं, शेतं, कुणाची लेकरंसुद्धा पलीकडं राहिली. आपल्या पंजाबी-सिंधी लोकांची फाळणी आठवते ना, तसंच. गावात जायला गेत्बे नावाचा सपाट तराफा आहे, पाण्यावरून ताणलेली तार लोखंडी आकड्यानं ओढत ओढत पलीकडं जायचं, प्रवाशांनाही ओढू देतात. सासूबाईंना ही सगळी गोष्ट आधी सांगा आणि मगच न्या.

खाण्याचं मात्र अवघड आहे, खोटं सांगत नाही. तिथं प्रसिद्ध आहे ते आबाई सुन्दे, म्हणजे डुकराच्या आतड्यात सारण भरलेलं, भरलेले स्क्विड, बाजारातलं गोड-तिखट चिकन, सगळं आपल्या उपयोगाचं नाही. भाजी दिसली तरी रस्सा सुक्या मासळीच्या पाण्याचा असतो, किमची या त्यांच्या आंबवलेल्या भाजीत माशाचा सॉस असतो. पण हाक्साप्योंग भागात ताज्या मऊ टोफूची हॉटेलं आहेत, तिथं पांढरा साधा सुन्दुबू मागायचा, लाल रश्शाचा नको कारण त्यात बऱ्याचदा शिंपले पडतात. बटाट्याचं गामजाजॉन हे धिरडं सोकचो ज्या प्रांतात आहे त्याची खासियत, बिबिमबाप हा भाज्या घातलेला भात अंडं आणि मांस काढून मिळतो. "मांस, मासे, अंडं, माशाचा सॉस नको" एवढं कोरियनमध्ये लिहून मोबाईलमध्ये ठेवा आणि ऑर्डर देण्याआधी दाखवा. शिवाय कडक भाकऱ्या न्याच, बरेच दिवस टिकतात. ताजी फळं, बियाणं नेऊ नका, आणि विमानतळावरच्या फॉर्मवर खाण्याचं खरं ते लिहा.

फिरताना नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप वापरा, चालायचा रस्ता त्यावर नीट कळतो. बससाठी टी-मनी कार्ड घ्या.

आणि व्हिसा आधी. आपल्या पासपोर्टला लागतोच, महाराष्ट्रातल्यांचं काम मुंबईतून होतं, बँक स्टेटमेंट आणि इन्कम टॅक्सची कागदं आत्ताच गोळा करायला लागा. व्हिसा हातात आल्याशिवाय पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका, ट्रॅव्हलवाला कितीही घाई करू दे.